तीनशिंग्याच्या गावाला

शाळेत प्रवासवर्णन लिहायला सांगितलं की आमची सगळी पोरं पहाटे उठतात. पहाटे उठतात, आंघोळी करतात, डबे भरतात, आणि पान संपत आलं तरी गाडीत काही बसत नाहीत. वीस वर्षं मी त्या वह्यांवर लाल रेघा ओढल्या आहेत. तेव्हा माझं पहाटेचं उठणं, वरोऱ्याहून पुण्यापर्यंतची रेल्वे आणि स्वारगेटला एसटीत शिरतानाची झोंबाझोंबी मी गाळते. तुम्हीही गर्दीतून कधी ना कधी गेला आहातच.

मी भोर-वेल्ह्याकडे गेले ती एक डायनासोर बघायला. मुख्याध्यापकांना दिलेल्या रजेच्या अर्जात हे लिहिलं नाही. तिथं 'घरगुती कारण' लिहिलं, आणि तेही खरंच होतं.

आधी त्या प्राण्याची ओळख करून देते, नाहीतर पुढचं समजायचं नाही. डोळ्यांच्या वर दोन लांब शिंगं, नाकावर एक आखूड. मानेमागे हाडाची भलीमोठी ढाल. तोंड पोपटासारखं, आणि आयुष्यभर खाल्लं काय, तर झाडपाला. त्याची हाडं अमेरिकेत सापडतात. आपल्याकडे हा कधी नव्हताच. आमच्या वरोऱ्याजवळच्या शिवारात डायनासोरची हाडं निघाली, पण ती लांब मानेच्या, बिनशिंगांच्या धुडांची. मी भूगोल शिकवते. दरवर्षी एक तरी पोट्टं विचारतं, "बाई, शिंगंवाला आपल्याकडे काहून नव्हता?" मी म्हणते, बस खाली.

आमच्या घरी मात्र तो होता. मी नऊ वर्षांची असताना माझ्या भावानं, बाळूदादानं, मला तो सागवानाच्या तुकड्यातून कोरून दिला. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. गावच्या ग्रंथालयातल्या एका इंग्रजी पुस्तकात त्याचं चित्र बघून दादा वेडा झाला होता. आमच्याकडे श्रावणातल्या अमावस्येला पोळा असतो आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे लेकरांचा. लेकरं चाकांवरचे लाकडी बैल दोरीनं ओढत घरोघर जातात, खाऊ मिळवतात. त्या वर्षी सगळ्यांचे बैल आणि माझा हा. आम्ही त्याला तीनशिंग्या म्हणायचो.

गल्ली हसली. "हा बैल होय का गेंडा होय बाप्पा?" मी रडत घराकडे पळाले, उंबऱ्याला ठेचाळले आणि तीनशिंग्याचं डावं शिंग अर्ध्यातून तिरपं मोडलं. तुकडा नालीत गेला. दुसरं बसवून देतो म्हणून दादानं तो हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाला, "राहू दे व. आता कोणी नेला तरी ओळखू येते, हा आपल्या नंदीचा." माझं नाव नंदा. बैलांच्या सणात मला नंदी म्हणणारं घर आमचं एकच.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण लांबवून सांगायला मला जमत नाही. वडील प्राथमिक शिक्षक. दादानंही मास्तर व्हावं एवढंच त्यांना हवं होतं. दादा ट्रेनिंग कॉलेजच्या नावाखाली एका मूर्तिकाराकडे माती मळायला जातो, हे घरात फक्त मला ठाऊक होतं. मी चौदा वर्षांची होते. एके दिवशी तो मित्रांसमोर मला चोंबडी म्हणाला. त्या रागात मी भर जेवणात वडिलांना सगळं सांगून टाकलं. चोंबडी म्हणाला ते खरंच करून दाखवलं, दुसरं काय. दादा दुसऱ्या दिवशी ट्रंक घेऊन निघाला. आईच्या पाया पडला. मी दारात उभी होते, माझ्याकडे त्यानं बघितलं नाही.

तीस वर्षं. दर दिवाळीला आईला पत्र यायचं, कधी कोल्हापूरहून, कधी सांगलीहून, शेवटी शेवटी भोरहून. शेवटची ओळ ठरलेली, 'घरातल्या सर्वांस नमस्कार.' त्या सर्वांत मी आहे की नाही, हे मला कधी कळलं नाही.

मग एक पोस्टकार्ड आलं, कापूरहोळच्या मेहबूब नावाच्या वेल्डरचं. मास्तर, म्हणजे आमचा दादा, तापानं गेले, पत्ता ट्रंकेत मिळाला, त्यांनी बांधलेला डायनासोर इथं उभा आहे, येऊन बघावा. नशिबानं कार्ड माझ्या हातात पडलं. मी ते आईला दाखवलं नाही. दोन वर्षं ती पोस्टमनची वाट बघत होती आणि मी तिला बघू देत होते. यंदा चैत्रात आई गेली. आता लपवायला कोणी उरलं नव्हतं. दादाची तिथी माहीत नाही, आणि ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचं पान सर्वपित्रीला ठेवतात. म्हणून मी भाद्रपदातली अमावस्या धरून निघाले. पिशवीत दोन पातळं, चिवडा, आणि आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला तीनशिंग्या होता. तो का घेतला म्हणाल, तर मला एवढंच ठाऊक होतं की तो घरी ठेवून मला जाववेना.

सारोळे

उतरायचं होतं कापूरहोळला. डोळा लागला आणि जाग आली ती थेट सारोळ्याला, नीरेच्या पुलापाशी. कंडक्टर म्हणाले, दोनदा हाक मारली. मारली असेल. माझ्या वर्गात झोपलेल्या पोरांवर मी जे बोलते ते सगळं मला त्या क्षणी आठवलं.

पुलाशेजारच्या टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्या बाई हिंगुळ, बेगड, गोंडे, कवड्यांच्या माळा असं बैलांच्या साजाचं सामान चहाच्या बरण्यांशेजारी टांगून बसल्या होत्या. मी विचारलं, "पोळा तर होऊन गेला ना महिन्यापूर्वी?"

"कुठं झाला? उद्या हाय की," बाई म्हणाल्या. "तुमी कुठल्या?"

मी गाव सांगितलं. आमच्याकडे श्रावणात असतो म्हटल्यावर त्यांनी पुलापलीकडे बोट दाखवलं. "त्या तिकडं सातारा जिल्हा. त्यांचा बेंदूर आखाडातच उरकतो. आमच्या ह्या अंगाला भात लावायची घाई आसती तवा. बैल चिखलात, मानूस चिखलात. सन कवा करायचा? म्हनून आमी भादव्यात करतो."

म्हणजे एक नदी ओलांडली की बैलांचा सण दोन महिने पुढे सरकतो. माझ्या लेखी ती तारीख मेलेल्यांची होती आणि यांच्या लेखी बैलांची. दोन्ही एकाच दिवशी कसं जमवतात, ते मला बघायचं होतं. भोंगवलीचे एक शेतकरी टेम्पोतून झुली आणायला कापूरहोळकडे निघाले होते. त्यांनी मला पुढं बसवून घेतलं आणि वाटभर त्यांच्या बैलांचं कौतुक ऐकवलं. उतरताना म्हणाले, "पावनं असून तुमी लई गप बसला." आयुष्यात पहिल्यांदाच मला कोणी गप्प म्हणालं असेल.

कापूरहोळ, आणि भोरला मुक्काम

कापूरहोळला भोरचा रस्ता फुटतो. फाट्यावर ढाबे, पंक्चरवाले, ट्रक दुरुस्तीची दुकानं. मेहबूबभाईंचं वेल्डिंगचं दुकान विचारावं लागलं नाही. दाराला लोखंडी सळईचा एक छोटा प्राणी टांगला होता, तीन शिंगांचा. आतून साठीला आलेला, काटकुळा, डोळ्यांवर काळा चष्मा चढवलेला माणूस बाहेर आला. चष्मा वर केला, माझ्याकडे नीट बघितलं.

"मास्तरांची भन ना तुमी? नाक त्येच हाय."

दादाला इथं सगळे मास्तर म्हणायचे. वडिलांना हवं होतं ते नाव त्याला मिळालं, माती मळून मिळालं. हे वडिलांना सांगायला हवं होतं, तेही आता नाहीत.

मेहबूबभाईंनी दुकान बंद केलं आणि मला भोरला घरी नेलं. त्यांच्या बायकोनं मसुराची आमटी, तांदळाच्या भाकरी आणि मिरचीचा ठेचा केला होता. आमच्याकडची ज्वारीची भाकर जाडजूड, हातावर पेलायची. ही पांढरी, मऊ, दुमडली तरी मोडत नाही. मी तीन खाल्ल्या. चौथी वाढताना त्या म्हणाल्या, "उद्या मास्तरांचं पान हाय न्हवं, म्हनून आज आमच्यात बी साधंच केलंय." पितृपक्ष पाळणारी मी, आणि त्याची काळजी त्यांनी आधीच घेतलेली. चौथीही मी खाल्ली.

जेवणानंतर मेहबूबभाईंनी हकिकत सांगितली. डायनासोरचा तो इंग्रजी सिनेमा आला तेव्हा जो तो डायनासोरच्या मागे लागला होता. पुण्याच्या एका गृहस्थांनी वेल्ह्याच्या बाजूला जमीन घेतली, पोरांसाठी बाग काढायची ठरवलं, पाच डायनासोर सांगितले. मास्तर तेव्हा भोरात गणपती करत होते.

"मी म्हनलं, मास्तर, आधी त्यो मोठा दातांचा करू, समदी त्येच बघाया येनार. तर म्हनले, न्हाई, आधी तीनशिंग्या."

मी दचकले. "तीनशिंग्या म्हणाले?"

"मंग काय म्हनायचं? तीन शिंगं हायती."

तेही खरं होतं. मी पाणी प्यायले.

"मास्तर कागदावर रेघा मारायचे, मी सळ्या वाकवायचो. वरनं कोंबड्यांची जाळी, आत दगडगोटे, वर सिमेट. चार महिने आमी थितंच. त्यो झाला आन मालक यायचा बंद झाला. बाग न्हाई, काय न्हाई. मी म्हनलं चला मास्तर, आटपा. तर म्हनले, मालक गेला म्हनून जनावर कसं सोडायचं? आन ऱ्हायले थितंच, वाडीत. पार शेवटापतुर."

मी विचारायचं ठरवून आले होते, विचारलं. "माझं नाव काढायचे का कधी?"

मेहबूबभाईंनी चष्मा काढून पुसला. "खोटं कशाला बोलू ताई. घरचं कुनाचंच नाव त्यांनी कदी काढलं न्हाई. आमी बी इचारलं न्हाई."

हे उत्तर येणार हे मला माहीत होतं. माहीत असलेलं उत्तरसुद्धा एवढं लागतं, हे माहीत नव्हतं.

वाडीवर, पोळ्याच्या दिवशी

वाडीचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या रविवारी चार गाड्या भरून माणसं जातील आणि त्याच्या पाठीवर चढून फोटो काढतील. वेल्ह्याच्या अलीकडे आहे एवढं पुरे.

मेहबूबभाईंच्या टेम्पोतून सकाळी निघालो. तुमच्यापैकी जे नागपूर-चंद्रपूरकडचे आहेत त्यांना हा मुलूख कसा सांगावा? आमच्याकडे जमीन आडवी असते आणि आभाळ मोठं. इकडे जमीन उभी आहे. डोंगराच्या उतारावर भाताची खाचरं पायऱ्यांनी उतरत येतात, ओंब्या नुकत्या भरलेल्या, आणि सगळ्या खोऱ्याला भाताचा ओला वास. बांधांवर सोनकी फुलली होती, पिवळीधमक. तोरणा ढगात होता. मेहबूबभाई दर वळणावर "आता दिसंल" म्हणत होते, तो काही शेवटपर्यंत दिसला नाही.

रस्त्याकडेचा काळा कातळ बघून मला राहवलं नाही, भूगोलाची बाई जागी झाली. मेहबूबभाईंना म्हटलं, हा सगळा दगड एके काळी पातळ होता, जमिनीतून उकळून वाहिला, थरांवर थर. आणि तिकडे अमेरिकेत शिंगंवाले संपले ते साधारण त्याच सुमाराला. त्यांनी हा दगड पाहिला नाही, या दगडानं ते पाहिले नाहीत.

"मंग मास्तरांनी भेट घालून दिली म्हनायची," मेहबूबभाई म्हणाले आणि गिअर बदलला.

वाडीत पोचलो तेव्हा ओढ्यावर बैल धुणं चाललं होतं. मेहबूबभाईंनी मला ज्ञानूआबांच्या दारात सोडलं, उद्या दुपारी न्यायला येतो म्हणाले आणि दुकानाकडे परतले. आबा सत्तरीपुढचे, डोक्याला मुंडासं. त्यांच्याच गोठ्याशेजारच्या खोलीत दादा राहायचा. त्यांच्या मंडळी हौसाबाई चुलीपुढून उठून आल्या, माझा हात धरला आणि आत नेलं. आत पुरण शिजत होतं.

"आधी जनावर बघता का आधी च्या घेता?" आबांनी विचारलं.

मी जनावर म्हटलं.

वाडीमागे माळ आहे. बाग व्हायची ती तिथं. तारेचं कुंपण कधीच गेलं, खांब तेवढे उरलेत. आणि मधोमध तो. वीस-बावीस फूट लांब, माझ्या डोक्याच्या वर त्याची पाठ. चेहरा डोंगराकडे. आबांच्या घरच्यांनी त्याला धुऊन अंगाला गेरू लावला होता. मानेमागच्या ढालीला वाडीत सुपडं म्हणतात, त्या सुपड्यावर चुन्याचे ठिपके. गळ्यात घुंगरमाळ, पाठीवर झूल. आणि तिन्ही शिंगं हिंगुळानं लाल रंगवून, बेगड चिकटवून, टोकांना पितळी शेंब्या घातलेल्या.

मी हसले. मग रडले. मग पुन्हा हसले, कारण आबा शेजारी उभे राहून त्याची तक्रार सांगत होते. "ह्यानं कदी जू वढलं न्हाई, काल खांदेमळनीला हळद-तूप चोळाया ह्येला खांदाच सापडंना. नुस्ता हुबा ऱ्हातो. पर शिंगं हायती, पाला खातो, कुनाच्या वाटंला जात न्हाई. मंग पोळ्यातनं का वगळायचा?"

"पाला खातो कधी?"

"मास्तर म्हनायचे खातो. आमी कुठं बगाया गेलतो."

दुपारी मारुतीला फेरी घालून सगळ्या बैलजोड्या माळावर आल्या. वाजंत्री होती. प्रत्येक घरची बाई आपल्या बैलांना ओवाळून याच्याकडे यायची, याला ओवाळायची, चोचीत गवताची पेंडी आणि वर पुरणपोळी ठेवायची. इकडची पुरणपोळी पातळ, बरोबर गुळवणी. आमच्याकडे पुरण जास्त आणि वर तूप वाटीनं. हे मी हौसाबाईंना बोलून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "मंग ती पोळी न्हवं बाई, पुरनाचा लाडूच की." आणि मग मेलेल्यांचं आणि बैलांचं एका दिवशी कसं जमतं, तेही बघितलं. त्यांनी एक पान वेगळं वाढलं, खीर, वडे, भात, भाजी, आणि ते माझ्या हातात दिलं. "दोन वरसं मास्तरांचं पान आमी ठिवलं. औंदा तुमी ठिवा. हितनं चढा, त्येच्या पाठीवर ठिवायचं."

पाठीवर चढायला दगड रचून पायऱ्या केल्यात. पान ठेवलं. कावळ्याची वाट बघावी लागली नाही, तो सुपड्यावर बसूनच होता.

सगळं इतकं चांगलं चाललं होतं, आणि माझं मन मात्र खट्टू झालं होतं. का, ते सांगते, हसायचं असेल तर हसा. पाठीवर उभी असताना मी त्याची शिंगं वरून बघितली. डावं, उजवं, नाकावरचं. तिन्ही पुरी, डौलदार, पुस्तकातल्या चित्रासारखी. दादानं पुस्तकातला तीनशिंग्या बांधला होता. माझा बांधला नव्हता. आणि का बांधावा त्यानं माझा? चोंबड्या पोरीचं मोडकं खेळणं तीस वर्षं कोण लक्षात ठेवतं. पिशवीतला लाकडी तीनशिंग्या बाहेर काढायची मला लाज वाटली. तो लुगड्यातच राहिला.

मला दादा हवा होता. सिमेंटचा प्राणी, त्याच्या कौतुकाच्या गोष्टी, त्याला मास्तर म्हणणारी प्रेमळ माणसं, हे सगळं मिळालं, आणि मला तो हवा होता. दारातून जाताना एकदा वळून बघणारा.

दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी घटस्थापना. हौसाबाई सकाळीच परडीत माती चाळून घेत होत्या. घट बसायच्या आत कालचा साज उतरवायचा, अशी इथली रीत. बैलांचं आटपून आबा माळाकडे निघाले, मी पिशवी खांद्याला लावून बरोबर गेले. दुपारी मेहबूबभाई येणार, त्याआधी एकदा निरोप घ्यावा.

आबांनी झूल काढली, घडी केली. घुंगरमाळ काढली. मग दगडांवर चढून एकेक शेंबी उतरवली. उजव्या शिंगाची, नाकावरची. डाव्या शिंगापाशी मात्र ते थबकले, कमरेची कोयती काढली आणि शिंगाच्या मधोमध बांधलेली सुतळी कापली. बेगड फाटली, आणि शिंगाचा वरचा अर्धा भाग त्यांच्या हातात आला.

मी ओरडलेच. "आबा, मोडलं."

"मोडतंय कशाला? लाकडाचं हाय." त्यांनी तो तुकडा मला दाखवला. पांगाऱ्याचं लाकूड, हलकं, शिंगाच्या आकाराचं तासलेलं, आतून पोकळ केलेलं. "ह्यो हायेच अर्ध्या शिंगाचा, पयल्यापासनं. आमच्यात मोडक्या शिंगाचा बैल तसाच पोळ्याला न्हेत न्हाईत. जोडीदारापुढं त्यो कमी दिसतो. मंग लाकडाचं शिंग करून बांधायचं, रंगवायचं, त्या दिसापुरतं. तसंच ह्येला बी म्या केलं. मला वाटलं, मास्तरांचं सिमेट कमी पडलं."

मी वर बघत होते. डोंगराकडे तोंड करून तो उभा होता आणि त्याचं डावं शिंग अर्ध्यातून तुटलेलं होतं. सरळ नव्हे. तिरपं, आतल्या बाजूला खाली उतरत गेलेलं. लाकूड जसं तंतूंवरून फाटतं तसं. सिमेंट असं तुटत नाही. सिमेंटवर ते कोणीतरी पात्यानं, ओलं असताना, हळूहळू केलेलं होतं.

"मास्तर काही बोलले नाहीत तुम्हाला?" मी विचारलं.

"हसले. म्हनले, पोळ्यापुरतं बांधा, आबा. आन दुसऱ्या दिशी सोता चढून काढायचे. दर वरसाला. म्या एकदा इचारलं, का ओ मास्तर, कायमचं का बसवत न्हाई? म्हनले, ती खून हाय. ज्याचं हाय त्याला वळखू आलं पायजे." आबा दगडावर बसले. "आता गुरांना खून आसती, कुनाचा कान कापल्याला, कुनाला डाग. चराया जाऊन हरवली तर वळखायला. म्या म्हनलं, मास्तर, ह्ये कुठं हरवतंय? जाग्यावरनं हलत न्हाई. तर म्हनले, ह्ये न्हाई हरवत आबा. मानसं हरवत्यात. त्यास्नी घावाया पायजे म्हनून हाय."

मी पिशवी खाली ठेवली. लुगड्याची गाठ लवकर सुटेना, आईची गाठ पक्की असायची, मी तशीच घालायला शिकले आहे. शेवटी सुटली. चाकं गेलेला, रंग उडालेला, वीतभर लांबीचा तीनशिंग्या मी आबांच्या हातात दिला.

आबांनी तो घेतला. हातात फिरवला. अंगठ्यानं त्याचं डावं शिंग चाचपलं, तिरपं मोडलेलं. मग वर बघितलं. पुन्हा खाली बघितलं.

"म्हंजी आमी उगाच जोडत हुतो," ते म्हणाले.

"उगाच नाही, आबा." मला एवढंच बोलता आलं. मला सांगायचं होतं की दरवर्षी त्यांनी ते बांधलं म्हणून दरवर्षी दादाला ते सोडावं लागलं, स्वतःच्या हातानं. आणि दरवर्षी त्या दिवशी त्याला माझी आठवण होत असणार. काल अख्खा दिवस मी ज्या लाकडी तुकड्यावर रुसले होते, तो यांच्या मायेनं बांधलेला होता. एवढं सगळं मला म्हणायचं होतं. पण रडताना मी नीट बोलत नाही, लहानपणापासून.

आबा उठले. त्यांच्या खिशातल्या हिंगुळाच्या डबीत तळाशी थोडा रंग होता, त्यात त्यांनी थुंकीनं ओलं केलेलं बोट फिरवलं आणि लाकडी तीनशिंग्याची शिंगं रंगवली. नाकावरचं, उजवं. डाव्याच्या तुटक्या टोकालाही बोट टेकवलं. मग तो छोटा त्यांनी मोठ्याच्या चोचीपाशी, काल उरलेल्या गवताच्या पेंडीवर, नीट उभा करून ठेवला. दोघांचं तोंड एका बाजूला.

वाडीतून हौसाबाईंची हाक आली. घटाची वेळ होत होती, आबा कुठं राहिले म्हणून त्या माळाच्या कडेपर्यंत आल्या होत्या. आबांनी मुंडासं सारखं केलं आणि तिथूनच मोठ्यानं सांगितलं, "ऱ्हाऊ दे घट जरा. हिकडं ये. ज्याचं जनावर हाय, ते मानूस आलंय."